फाइलबाहेरचं ड्रॉइंग

"कालपर्यंत तर नीट चालत होतं."

कॅडचं, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं, नवं व्हर्जन बसवलं की पुढचे काही दिवस हे एकच वाक्य कानावर पडत राहतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. काल खरंच चालत होतं. अडचण एवढीच की कालच्या आणि आजच्या मध्ये एकच गोष्ट बदलली, आणि ती म्हणजे व्हर्जन, असं त्याने मनाशी पक्कं केलेलं असतं. एकदा आरोपी ठरला की तपास कोण करतो?

मी या कामात बरीच वर्षं काढली. आधी नुसतं ड्राफ्टिंग करायचो. मग केव्हातरी 'जरा बघा ना, याला काय झालंय' म्हणत लोक टेबलाशी येऊ लागले. ही बढती कुणी देत नाही, ती चिकटते. पगारात दिसत नाही आणि सुटतही नाही. पण नुसती ड्रॉइंगं काढत बसलो असतो तर जे कधी लक्षात आलं नसतं ते तिच्यामुळे आलं. आपण ज्याला ड्रॉइंग म्हणतो ते सगळं त्या फाइलमध्ये नसतंच. काही भाग असतो. उरलेलं मशीनवर, युजरच्या प्रोफाइलमध्ये, फॉन्टच्या फोल्डरात, कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेल्या कोडमध्ये आणि बरंचसं आपल्या बोटांत असतं. हे सगळं गुण्यागोविंदाने चाललेलं असतं तोवर त्याचा पत्ता लागत नाही. अपग्रेडच्या दिवशी फाइल तिथेच राहते आणि तिच्या भोवतालचं सगळं हलतं. मग कळतं, काय काय बाहेर होतं ते.

सगळ्यांत साधी गोष्ट अक्षरांची. ऑटोकॅडमध्ये, आणि त्याच्याच वळणावर गेलेल्या इतर सॉफ्टवेअरांमध्ये, मजकूर लिहिला की फाइलमध्ये शब्द साठवले जातात आणि त्यांच्याबरोबर फॉन्टचं फक्त नाव. अक्षरांची वळणं असतात एसएचएक्स नावाच्या वेगळ्या फाइलींत. बऱ्याच ऑफिसांनी आपापल्या सोयीचे एसएचएक्स फॉन्ट जुन्या व्हर्जनच्या फोल्डरात टाकून ठेवलेले असतात. नवं व्हर्जन स्वतःचं नवं फोल्डर घेऊन येतं आणि जुन्याकडे ढुंकूनही बघत नाही. हवा तो फॉन्ट सापडला नाही की बदली फॉन्ट लावला जातो, बहुधा सिम्प्लेक्स. बदलीत एखादं चिन्ह नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह उमटतं. प्रश्नचिन्ह आलं तर नशीब समजावं. ते निदान दिसतं. खरी पंचाईत होते ती अक्षरं जवळजवळ तशीच, पण किंचित रुंद आली तर. तक्त्यातला मजकूर चौकटीबाहेर सरकतो, मापाचा आकडा शेजारच्या रेषेवर चढतो, ६ आहे की ८ ते कळेनासं होतं. स्क्रीनवर इतकं निरखून कोण बघतं? ते बघतो साइटवरचा माणूस, प्लॉट, म्हणजे कागदावरची छपाई, हातात आल्यावर.

तुटक रेषांची तऱ्हा वेगळी. लाइनटाइप, म्हणजे रेषेचा नमुना, एकदा लोड केला की त्याची व्याख्या फाइलमध्येच येऊन बसते, म्हणजे निदान इथे बाहेरचं काही नाही असं वाटतं. तरी अपग्रेडनंतर काढलेल्या नव्या ड्रॉइंगात सेंटरलाइन सलग दिसते आणि लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालतात. कारण बहुतेक वेळा टेम्प्लेटमध्ये असतं. इंची मापांची लाइनटाइप फाइल वेगळी, मेट्रिक वेगळी. एकाच नावाच्या रेषेचे डॅश दुसरीत २५.४ पट लांब. कोणती उचलायची हे ज्या टेम्प्लेटवरून ड्रॉइंग सुरू झालं ती ठरवते. नव्या व्हर्जनबरोबर त्याची स्वतःची कोरी, इंची मापांची टेम्प्लेट आली, ऑफिसची जुनी जोडायची राहिली, आणि तीस मीटर लांबीच्या इमारतीत सव्वा मिलिमीटरचे डॅश पडले. ते तुटकच असतात. डोळ्यांना सलग दिसतात. रेषेच्या स्केलचा आकडा वाढवून ते दुरुस्त करता येतं आणि सगळे तेच करतात. मग ते ड्रॉइंग दुसऱ्या ड्रॉइंगात एक्सरेफ, म्हणजे बाहेरचा संदर्भ, म्हणून जोडलं की तिथल्या स्केलशी त्याचं पुन्हा बिनसतं.

पण सगळ्यांत जास्त वेळ जातो तो सिस्टीम व्हेरिएबलांत, म्हणजे सॉफ्टवेअरने कसं वागायचं ते ठरवणाऱ्या आकड्यांत. ज्याने हे काम केलंय त्याला तक्रारी तोंडपाठ असतात. दुसरी रेषा निवडली की पहिली सुटते: पिकॲड. वस्तू निवडून डिलीट दाबलं तरी ती हलत नाही: पिकफर्स्ट. मिरर केलं की अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी होतात: मिरटेक्स्ट. ओपन म्हटलं तर फाइल निवडायची खिडकी येतच नाही, खाली कमांड लाइनवर मुकाट्याने फाइलचं नाव विचारलं जातं: फाइलडिया. प्रत्येकाचा उपाय एका आकड्याचा. शून्याचा एक करा, एकाचा शून्य करा, एंटर. माणूस खूश होऊन जागेवर जातो.

मला मात्र त्या आकड्यापेक्षा तो आकडा राहतो कुठे याचं कुतूहल जास्त. मिरटेक्स्ट ड्रॉइंगमध्ये साठवला जातो, त्यामुळे तो फाइलबरोबर प्रवास करतो. ज्या मशीनवर फाइल उघडाल तिथे अक्षरं उलटी. पिकॲड, पिकफर्स्ट आणि फाइलडिया रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, राहतात, म्हणजे युजरबरोबर; फाइल कुठलीही उघडा, त्या माणसाला त्रास होणारच. काही व्हेरिएबल कुठेच साठवले जात नाहीत, सॉफ्टवेअर बंद केलं की विसरले जातात. मदतीच्या पानावर प्रत्येक व्हेरिएबलखाली हे एका ओळीत लिहिलेलं असतं आणि ती ओळ फार थोडे लोक वाचतात. निम्मं निदान तिथेच होतं. तीच फाइल शेजारच्या मशीनवर उघडायची, आणि याच मशीनवर एक कोरी फाइल उघडायची. त्रास कोणाबरोबर जातो आणि कोणाबरोबर राहतो एवढं पाहिलं की शोधायची जागा निम्म्याहून कमी होते. यात हुशारी काही लागत नाही. लागतो तो धीर, आणि डेडलाइनच्या आठवड्यात नेमका तोच नसतो.

फाइलडियाचं प्रकरण तर बघण्यासारखं आहे. कुणीतरी एक स्क्रिप्ट लिहिलेली असते, शंभर ड्रॉइंगं एकापाठोपाठ उघडून प्लॉट काढणारी. प्रत्येक वेळी खिडकी मध्ये येऊ नये म्हणून स्क्रिप्ट सुरुवातीला फाइलडिया शून्य करते आणि शेवटी पुन्हा एक. एके दिवशी ती मध्येच अडखळते, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचत नाही, आणि शून्य तसाच राहतो. नव्या व्हर्जनने जुन्या सेटिंग्ज आपल्याकडे ओढून घेतल्या की हा शून्यही सोबत येतो. मग खिडकी उघडत नाही आणि खापर फुटतं व्हर्जनवर. २०१६ च्या ऑटोकॅडपासून व्हेरिएबलांवर नजर ठेवणारा एक पहारेकरी मिळाला. ठरवून दिलेल्या किमतीपासून काही हललं तर तो सांगतो. हललं एवढं तो सांगतो. कुणामुळे हलवलं गेलं ते आपणच शोधायचं.

या सेटिंग्ज ओढून घेण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मायग्रेशनची खिडकी 'तुमच्या जुन्या सेटिंग्ज आणू का?' असं इतक्या अदबीने विचारते की नाही म्हणवत नाही. हो म्हटलं तर कित्येक वर्षांचा साठलेला गाळ नव्या घरात. नाही म्हटलं तर बोटांची तारांबळ. आपले शॉर्टकट पीजीपी नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. ज्याने सी दाबून सर्कलऐवजी कॉपी यावी अशी सोय करून घेतली आहे, त्याला नव्या व्हर्जनमध्ये सकाळी पहिल्याच तासात वर्तुळं सापडू लागतात. त्याच्या दृष्टीने सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे. 'ही सोय तुम्हीच केली होती' असं सांगितलं तर त्याला पटत नाही, आणि का पटावं? ती सोय करून इतका काळ लोटलेला असतो की ती त्याच्या लेखी निसर्गनियम झालेली असते. मी हल्ली मधला रस्ता धरतो. पीजीपी, प्लॉट स्टाइल, फॉन्ट आणि टेम्प्लेट हातांनी उचलून न्यायच्या, बाकी सगळं मागे सोडायचं. वेळ जातो. पण काय आणलं ते माहीत असतं.

स्क्रीनवरच्या भुतांची गोष्ट थोडी लांबवून सांगतो, कारण तिथे एक सुंदर गणित दडलेलं आहे.

तक्रार अशी असते: झूम केलं की रेषा थरथरतात, हॅच (आकारात भरलेली रेघांची नक्षी) विस्कटतो किंवा गायब होतो, वर्तुळ दातेरी होतं, दोन भिंतींचे कोपरे एकमेकांना भेटत नाहीत, पण माप घेतलं तर बरोबर. वर्तुळाचं सोडून द्या, ते बहुतेकदा रीजेन, म्हणजे पुन्हा रेखाटायची कमांड, दिल्यावर गोल होतं. थरथरणाऱ्या रेषांसाठी मी आधी कर्सरचे कोऑर्डिनेट बघतो. सर्व्हेवरून आलेलं ड्रॉइंग असेल तर ते मूळबिंदूपासून वीस-वीस लाख मीटर लांब बसलेलं असतं, आणि मिलिमीटरमध्ये काम चाललं असेल तर तो आकडा होतो २०० कोटी. सॉफ्टवेअर स्वतःचा हिशेब ६४ बिटांच्या दशांश संख्यांत करतं. त्यात पंधरा-सोळा अंक सुखाने मावतात, त्यामुळे माप बरोबर येतं. पण ग्राफिक्स कार्डाकडे रंगवायला पाठवताना संख्या अनेकदा ३२ बिटांच्या होतात. त्यात अचूक अंक जेमतेम सात. २०० कोटींच्या आसपास ३२ बिटांत एका संख्येनंतर लिहिता येणारी पुढची संख्या १२८ ने मोठी असते. मधलं काहीच नाही. म्हणजे १०० मिलिमीटरच्या भिंतीच्या दोन कडा एक तर एकाच जागी पडणार, नाही तर १२८ वर. भिंत थरथरत नाही. तिला उभं राहायला जागाच नाही, आणि झूम बदलला की ती कधी या पायरीवर, कधी त्या.

हे ड्रॉइंग जुन्या व्हर्जनमध्येही तितकंच लांब होतं. जुनं व्हर्जन रंगवण्याचं काम प्रोसेसरवर करत असेल आणि नवं कार्डावर, तर तीच फाइल अचानक आजारी दिसते. हार्डवेअर ॲक्सेलरेशन, म्हणजे कार्डाकडून रंगवून घेणं, बंद करून बघायचं. भुतं पळाली तर ड्रॉइंगला हात लावायची गरज नाही, ड्रायव्हर आणि कार्ड बघायचं. लॅपटॉपवर तर दोन-दोन ग्राफिक्स चिप असतात आणि नव्या व्हर्जनची प्रोग्रॅम फाइल नवी असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम तिला बारक्या चिपवर बसवून मोकळी होते. जुन्या व्हर्जनला मोठी चिप द्यायची हे कुणीतरी कधीतरी हातांनी सांगून ठेवलेलं असतं. आणखी एक योगायोग नेहमी होतो: अपग्रेडच्याच आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टीम गुपचूप ग्राफिक्स ड्रायव्हर बदलते. दोन बदल एकाच वेळी, आणि दिसतो फक्त ज्याची गाजावाजा करून घोषणा झाली तो.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९६३ साली आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत टीएक्स-२ या संगणकावर स्केचपॅड चालवून दाखवलं, लाइट पेनने पडद्यावर रेषा ओढून. तो प्रोग्रॅम त्या एका संगणकासाठी लिहिलेला होता. ड्रॉइंग, यंत्र आणि ते काढणारा माणूस एका खोलीत. १९८२ मध्ये ऑटोकॅड छोट्या संगणकांवर आलं तसं ड्रॉइंग फाइल होऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरू लागलं, आणि फिरणाऱ्या वस्तूला मागे काय राहिलं याची चिंता लागली.

फाइल स्वतः मात्र आपली जन्मपत्रिका प्रामाणिकपणे सोबत ठेवते. कुठलीही डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य चिन्हांच्या गर्दीत पहिली सहा अक्षरं स्वच्छ वाचता येतात. एसी१०१५ म्हणजे २००० चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा, एसी१०३२ म्हणजे २०१८ चा. 'फाइल उघडत नाही, करप्ट झाली' अशी तक्रार आली की मी आधी ही सहा अक्षरं बघतो. करप्ट वगैरे काही नसतं. पाठवणाऱ्याचं व्हर्जन नवं, उघडणाऱ्याचं जुनं. थ्रीडी मॉडेलच्या जगात हे जास्त कडक आहे. रेव्हिट या इमारतींच्या मॉडेलिंग सॉफ्टवेअरची फाइल नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह केली की जुन्यात परतीचा रस्ता बंद. म्हणून टीममधल्या एकाने हौसेने अपग्रेड करणं ही खाजगी बाब राहत नाही.

याचं सगळ्यांत महाग उदाहरण आकाशात उडतं. एअरबस ए३८० च्या एका विमानात ५०० किलोमीटरहून जास्त वायरिंग आहे. डिझाइन वेगवेगळ्या देशांत चाललं होतं. जर्मन आणि स्पॅनिश गट कॅटिया या थ्रीडी कॅडच्या चौथ्या व्हर्जनवर, फ्रेंच आणि ब्रिटिश गट पाचव्यावर. नाव एक असलं तरी दोन्हींच्या आतली रचना वेगळी, आणि बदल एकीकडून दुसरीकडे नीट पोहोचत नव्हते. हॅम्बुर्गहून आलेले वायरींचे जुडगे तुलूझला विमानात बसवायला घेतले तेव्हा ते तोकडे पडले. २००६ मध्ये वेळापत्रक कोसळलं, वरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि पहिलं विमान २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ग्राहकाच्या हाती पडलं, ठरल्यापेक्षा दीडेक वर्ष उशिरा. कारणं आणखीही होती, व्यवस्थापनाची होती, राजकारणाची होती. पण वायर आखूड निघाली हे खरंच आहे, आणि स्क्रीनवर ती पुरत होती हेही.

थ्रीडीचा आणखी एक दुखरा कोपरा आहे. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये जे जपलं जातं त्यात आकारापेक्षा आकारापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या महत्त्वाच्या असतात: हे स्केच काढ, इतकं उचल, इथे भोक पाड, त्या कडेला गोलाई दे. 'त्या कडेला' हीच गोम आहे. सॉफ्टवेअर कडांना आपल्या हिशेबाने ओळख देतं, आणि ती ओळख आधीच्या पायऱ्यांच्या हिशेबावर अवलंबून असते. एखाद्याला पत्ता सांगताना 'डावीकडून तिसरं दार' सांगावं आणि तो पोहोचेपर्यंत मध्ये एक दार वाढावं, तसं होतं. नव्या व्हर्जनने सगळ्या पायऱ्या पुन्हा चालून बघितल्या, एखाद्या छेदाचं गणित किंचित वेगळं आलं, एक बारीकशी कड जास्त निघाली, आणि गोलाई भलत्याच कडेला लागली किंवा लाल खूण दाखवून थांबली. फ्रीकॅड हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हे दुखणं वर्षानुवर्षं भोगलं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या १.० व्हर्जनमध्ये त्यावर बराच उतारा मिळाला. बंदिस्त सॉफ्टवेअरांत ते कमी दिसतं, पण नाहीसं झालेलं नाही. पायऱ्यांच्या यादीचं झाड लाल दिसलं की लोक खालच्या, तुटलेल्या पायरीवर तुटून पडतात. मी वरून सुरुवात करतो. इतिहास सुरुवातीपर्यंत मागे न्यायचा आणि एकेक पायरी खाली येत बघायचं. पहिली जी हलली ती खरी, तिच्या खालचा लाल रंग बहुतेकदा तिचाच.

आता कोडबद्दल. ऑटोलिस्प ही छोटे प्रोग्रॅम लिहायची भाषा १९८६ पासून ऑटोकॅडमध्ये आहे. त्यामुळे जवळपास प्रत्येक जुन्या ऑफिसात एक लिस्पची फाइल असते जिच्यावर सगळं ऑफिस चालतं आणि जी लिहिणारा माणूस कधीच सोडून गेलेला असतो. बटण दाबलं की दरवाज्यांचं शेड्यूल तयार. ते कसं होतं हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. मग अपग्रेड होतं आणि बटण म्हणतं, अशी कमांड मला माहीत नाही.

यात दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळतात. पहिलं, कोड लोडच होत नाही. २०१२ मध्ये ईसेट या कंपनीने एक किडा उजेडात आणला होता, ॲकॅड मेड्रे नावाचा, ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला. तो ड्रॉइंगच्या फोल्डरात लपायचा, ड्रॉइंग उघडताच आपोआप चालायचा आणि ड्रॉइंगं चोरून ईमेलने बाहेर पाठवायचा. सर्वाधिक फटका पेरू देशात बसला. त्यानंतरच्या व्हर्जनांत विश्वासू फोल्डरांची यादी आली: यादीतल्या फोल्डरातलं कोड बिनबोभाट चालेल, बाहेरचं विचारून. नव्या व्हर्जनमध्ये आपल्या फोल्डरांची नावं त्या यादीत नसतात. योग्य काम म्हणजे ती घालणं, फार तर दोन मिनिटांचं. पण इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेलं असतं की ही राखण करणारा सिक्युअरलोड हा व्हेरिएबल शून्य करा, प्रश्न मिटतो. मिटतो खरा, कुलूप काढून टाकलं की किल्लीचाही प्रश्न मिटतो. हा एक उपाय दिसला की माझं डोकं फिरतं.

दुसरं दुखणं, कोड लोड होतं पण वेगळं वागतं. ऑटोकॅड २०२१ पासून लिस्प युनिकोडवर, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरसंकेतावर, गेलं. अक्षरं मोजण्याची रीत बदलली; जिथे आधी बाइट मोजले जात तिथे आता अक्षरं. इंग्रजी मजकुरावर फरक पडत नाही. पडतो तो दुसऱ्या लिपीतल्या शीर्षकावर, आणि त्यामुळे रूटीन दहापैकी नऊ ड्रॉइंगांवर चालतं. दहाव्यावर आकडा एका घराने सरकतो. लिस्पसिस हा व्हेरिएबल शून्य केला की जुनी रीत परत मिळते; तपासायला ते उत्तम, कायमचं ठेवायला वाईट. ऑटोकॅड २०२५ मध्ये त्याहून मोठी उलथापालथ झाली. प्लगइन्स, म्हणजे बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, ज्यावर चालतात तो डॉटनेट फ्रेमवर्कचा पाया सोडून सॉफ्टवेअर डॉटनेट ८ वर गेलं, आणि जुनी प्लगइन्स नव्याने बांधून घ्यावी लागली. ज्यांच्याकडे मूळ कोड होतं त्यांचं भागलं. ज्यांच्याकडे फक्त चालणारी फाइल होती त्यांना आपल्याकडे नक्की काय होतं ते तेव्हा कळलं.

सगळे उपाय थकले की रीसेट. सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून आल्या तशा. सपोर्टवाले पहिल्या फोनलाच हे सांगतात आणि बहुतेक वेळा ते लागू पडतं. मला त्याचा राग येतो तो ते लागू पडतं म्हणूनच. काय बिघडलं होतं ते कळायच्या आत पुरावा पुसला जातो. पुढच्या महिन्यात त्याच स्क्रिप्टने तोच व्हेरिएबल पुन्हा फिरवला की पुन्हा रीसेट. म्हणून मी आधी प्रोफाइल एक्स्पोर्ट करून बाजूला ठेवतो. ती साधी मजकुराची फाइल असते. मग रीसेट, मग चालतंय हे बघणं, मग सावकाश दोन्ही शेजारी ठेवून काय काय वेगळं होतं ते वाचणं. प्लगइनचा संशय असेल तर सगळी बंद करून निम्मी चालू करायची, त्रास परत आला तर त्यातली निम्मी बंद. सोळा प्लगइन असली तरी चार-पाच फेऱ्यांत एक सापडतं. अर्थात दोघं मिळून त्रास देत असतील तर हे गणित फसतं, आणि तसं होतंही.

रीसेटपेक्षा आणखी एक लाडका उपाय आहे: सगळं निवडा, कॉपी करा, कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. फुगलेल्या, रांगणाऱ्या फाइलीवर तो सर्रास वापरतात. कधी कधी फाइल हलकी होतेही. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या डीजीएन फाइलींतून आलेले लाइनस्टाइल किंवा हजारोंनी साठलेल्या ॲप्लिकेशनच्या नोंदी जर त्या वजनाच्या मुळाशी असतील तर पेस्टबरोबर त्याही नव्या फाइलीत उतरतात, आणि नवी फाइल उद्या कुणाच्या तरी ब्लॉक लायब्ररीत जाते. ऑडिट, म्हणजे फाइलीतल्या चुका शोधायची कमांड, चालवलं तर शून्य चुका. खरंच शून्य, कारण नियमाप्रमाणे त्यातली एकही नोंद चूक नसते, फक्त कुणाच्या उपयोगाची नसते.

हल्ली ड्रॉइंग बाहेर पाठवताना मी नुसती डीडब्ल्यूजी पाठवत नाही. फॉन्ट, सीटीबी (प्लॉट स्टाइलची फाइल), एक्सरेफ सगळं एकत्र बांधून, वर चार ओळींची मजकुराची फाइल: कोणतं व्हर्जन, कोणतं एकक, कोणती टेम्प्लेट, कोणतं प्लगइन. ती कुणी वाचत नाही. 'प्लॉट करडा का येतोय?' असा फोन येतो तेव्हा सीटीबी कुठे ठेवायची तेच मी त्या फाइलीतून वाचून दाखवतो.

जुनं व्हर्जन लगेच काढू नये असंही माझं मत आहे. लायसन्स परवानगी देत असेल तोवर दोन्ही शेजारी असू द्यावीत, निदान चालू प्रकल्प हातावेगळे होईपर्यंत. जुन्याकडे परत जाण्यासाठी नव्हे, तुलना करायला. 'कालपर्यंत चालत होतं' हे वाक्य तपासून बघायची तीच एक सोय आहे. कितीदा तरी तीच फाइल जुन्यात उघडल्यावर तिथेही हॅच विस्कटलेला निघतो, आणि टेबलाशी उभा असलेला माणूस गप्प होतो.

एक फाइल मात्र मला अजून दाद देत नाही. तिच्या एका सेक्शनमधला हॅच स्क्रीनवर दिसतो आणि पीडीएफमध्ये उतरत नाही. लेयर प्लॉटसाठी चालू आहे. तो डेफपॉइंट्स या कधीच न छापल्या जाणाऱ्या लेयरवर नाही, व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे छपाईच्या पानावरच्या खिडकीत, फ्रीझ नाही, वर झाकणारा पांढरा वाइपआउट नाही. त्याच लेयरवर, त्याच पॅटर्नचा नवा हॅच मारला तर तो व्यवस्थित उतरतो, जुना नाही. दोघांच्या प्रॉपर्टीज ओळ-ओळ जुळतात. जुन्या व्हर्जनमध्येही हेच. काम नवा हॅच मारून केव्हाच पुढे गेलं, पण मूळ फाइल मी हात न लावता तशीच ठेवली आहे. पुढचं व्हर्जन आलं की पहिली तीच उघडणार आहे.